बारा दीडं अठरा

"ह्ये टोपडं पायात कशाला?" निळ्या प्लास्टिकच्या त्या दोन पिशव्या हौसाक्कानं चिमटीत धरून डोळ्यांपुढं नाचवल्या. "आमच्यात पोराच्या डोस्क्याला बांधत्यात. तुमच्यात पायाला बांधत्यात व्हय, पावणं?"

"नमुना घर आहे ना आजी. फरशीवर डाग पडू नयेत म्हणून," गुरुप्रसाद म्हणाला. हा बिल्डरचा माणूस. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि सकाळी तोंड धुताना लावलेलं हसू संध्याकाळपर्यंत तसंच.

"आजी तुमच्या घरात. मला आक्का म्हंत्यात. आन् डाग कशाचं पडत्यात? सकाळी वजरीनं पाय घासून आलोय मी." पिशव्या त्याच्या हातात परत देऊन ती अनवाणीच आत शिरली. तिच्या मागं चाळीतल्या बायका. त्यांनीही पिशव्या परत केल्या. गुरुप्रसादच्या दोन्ही हातांत निळ्या टोपड्यांचा ढीग झाला आणि तो ठेवावा कुठं हे त्याला सुचेना.

लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानांमागं बारा खोल्यांची ही चाळ. जागेच्या मालकानं ती बिल्डरला दिली आणि तिथं अकरा मजल्यांची इमारत उभी राहायची ठरली. भर शहरात एवढं उंच चढायचं तर महापालिकेची अट होती. पाच घरांमागं एक घर छोटं आणि परवडणारं बांधायचं, आणि त्यावर पहिला हक्क आधीपासून तिथं राहणाऱ्यांचा. फुकट नव्हे, पण हमालाला, रिक्षावाल्याला झेपेल अशा दरात. इमारतीत साठ घरं, त्यांतली बारा छोटी, सगळी दुसऱ्या मजल्यावर. चाळीत खोल्या बारा, वर घरं बारा.

तरी बिल्डरनं आधी शहराबाहेरच्या उचगावचं गाजर दाखवून बघितलं होतं. तिकडं मोकळी हवा आहे, मोठ्या खोल्या आहेत, म्हणे. तेव्हा भर बैठकीत हौसाक्का उठून म्हणाली होती, "आमच्या नावावर मजलं इथं चढवणार आन् आमाला धाडणार उचगावला? मग तुमचं वरचं मजलं बी तिकडंच बांधा की. हवा खातील." उचगावचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आज संमतीपत्रांवर सह्या व्हायच्या होत्या. महापालिकेच्या नगररचना विभागातल्या अंतरा मॅडम अकरा वाजता यायच्या होत्या. त्यांच्यासमोर बारा घरांनी सही केली की चाळ रिकामी करायची, बांधकाम होईपर्यंत कुठंतरी भाड्यानं राहायचं आणि मग परत यायचं. सहीनंतर कागदावर असेल तेच घर पदरात पडणार, त्यात मागाहून बोटभर बदल नाही. म्हणून सहीआधी बघून घ्या, असं बिल्डरच म्हणाला होता. रस्त्याकडेला पत्र्याच्या कुंपणाआड त्यानं एक घर बांधून ठेवलं होतं. छोटं घर असंच होणार, भिंतीला भिंत आणि ओट्याला ओटा.

बायका भिंतीवरून हात फिरवत होत्या, नळ सोडून बघत होत्या. क्रांतीनं, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या तरण्या बाईनं, आरशासमोर उभं राहून केसही सारखे केले. हौसाक्का फरशीकडं बघत होती.

ती वाकळा शिवायची. जुनी लुगडी थरावर थर पसरायची, चारी कडा ताणून बसवायच्या आणि बाहेरून आत, बाहेरून आत धावदोरा घालत जायचं. पंचेचाळीस वर्षं तिनं हेच केलं. नवरा गणपतराव पेठेत हमाल होता. पोती वाहून त्याची पाठ गेली आणि पाठोपाठ तोही गेला. पोरं तिनं सुईवर वाढवली. लेक मुरगूडला दिली. मुलगा अमरसिंह इचलकरंजीत यंत्रमागावर, आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. सून स्वप्नाली एका दवाखान्यात केसपेपर काढायला होती, ती सासूजवळच राहायची. हौसाक्काची शाळा तिसरीत सुटलेली. अक्षरं ती वाचायची, पण तांदळातले खडे वेचल्यासारखी, एकेक करून. जमीन मात्र तिला एका नजरेत वाचता यायची. कुणाच्याही घरी गेली की मनातल्या मनात तिथं वाकळ पसरायची, किती मावते ते बघायची आणि मग चहा प्यायची.

आज तिनं मनात वाकळा पसरल्या आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"स्वप्ना, भित्तीवर काय लिवलंय वाच."

स्वप्नालीनं तक्ता वाचला. "एकूण चटई क्षेत्र, तीनशे चोवीस चौरस फूट."

"चटई?"

"सरकारी शब्द आहे, आक्का," गुरुप्रसाद पुढं झाला. "भिंतीच्या आत चटई अंथरता येईल एवढी जागा. साधं-सोपं."

"चटई म्हंजे आमची? बुडाखाली घ्यायची?"

"हो, हो, तीच समजा." तो मोकळेपणानं हसला. त्याच्यामागं उभा असलेला त्याचा ड्रायव्हरही हसला.

"बरं झालं सोपं करून सांगितलासा. न्हायतर आमाला कुठलं कळतंय." हौसाक्का वळली. "क्रांते, जा, हळदीकुंकवाच्या चटया घिऊन ये. आन् बाळासोला हाक मार, उचलू लागंल."

चाळीतल्या बायकांनी दोन वर्षांमागं वर्गणी काढून चोवीस चटया घेतल्या होत्या. सगळ्या एकाच मापाच्या, तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब. माप एकच असावं हा हौसाक्काचा हट्ट होता, कारण लहानमोठ्या घेतल्या तर मोठीवर कोण बसणार यावरून संक्रांतीलाच झिंज्या धरल्या गेल्या असत्या.

"एक चटई तीन सक अठरा फूट," हौसाक्का म्हणाली. "तीनशे चोवीसाला किती गं?"

स्वप्नालीनं मोबाइलवर बोटं फिरवली. "अठराच बसतात, आत्ती. बरोब्बर अठरा."

"अठरा फुटाच्या अठरा. इसरायला नगं."

क्रांती आणि बाळासो चटयांच्या गुंडाळ्या खांद्यावर टाकून आले. बाळासो रिक्षा चालवायचा, आज धंदा सोडून सहीसाठी थांबला होता आणि मनातून घाईत होता. हौसाक्कानं अठरा मोजून घेतल्या, उरलेल्या परत पाठवल्या आणि पदर कमरेला खोचला.

"आक्का, अहो हे काय करताय?" गुरुप्रसादचं हसू पहिल्यांदा जरा सरकलं.

"चटई क्षेत्र बघतोय. तुमचंच काम सोपं करतोय."

मग बायका कामाला लागल्या. कोपऱ्यापासून सुरुवात, काठाला काठ, एकीवर दुसरी चढू द्यायची नाही. जागा कमी पडेल तिथं चटई दुमडायची आणि दुमडलेला भाग किती ते हौसाक्का तोंडानं सांगायची. "अर्धी. ही पाऊण. क्रांते, तिरकी पडली, वड तिकडं. संसार असाच तिरका घालतीस व्हय गं?"

"ओट्याची जागाही धरायची असते हं," गुरुप्रसाद म्हणाला. "आणि बाथरूमचीही."

"धरतो की. सोडाय आलोय व्हय आमी?" एक चटई ओट्यावर चढली. एक मोरीत दुमडून बसली, एक संडासात. बाळासोला भांड्याभोवती चटई वळवताना बघून बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. मधल्या भिंतीची आणि उंबऱ्यांची जागासुद्धा हौसाक्कानं वितीनं मोजून दुमडलेल्या भागांत वळती केली, म्हणजे हिशोब अख्ख्या चटयांचाच राहिला. गुरुप्रसादला तक्रारीला जागा ठेवायची नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

अंतरा मॅडम आल्या तेव्हा दारात पाऊल ठेवायला जागा नव्हती. तिशीची, बारीक चणीची बाई, खांद्याला कागदांची नळी. "हे काय चाललंय?"

"चटई क्षेत्र, मॅडम," बाळासो मोरीतून म्हणाला.

शेवटची चटई अर्ध्यावर दुमडून कोपऱ्यात बसली आणि घर भरलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत हिरव्या-लाल पट्ट्यांखाली फरशी दिसेनाशी झाली. हौसाक्काच्या हातात एक चटई गुंडाळलेली तशीच राहिली, आणि कोपऱ्यातल्या चटईचं अर्धं पान भिंतीला उभं टेकलेलं.

"साडेसोळा," ती म्हणाली. "ही दीड कुठं अंथरू, पावणं?"

"असं मोजत नसतात हो," गुरुप्रसाद मॅडमकडं बघून म्हणाला. "चटया म्हणजे काही..."

"तुमीच म्हणालासा, तीच समजा. समजलो आमी. आता ही दीड तुमच्या डोस्क्यावर अंथरू का?"

अंतरा मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी टेप काढली आणि बाळासोला दुसरं टोक धरायला लावलं. एकेक बाजू मोजली, वहीत लिहिली, पुन्हा मोजली. बाहेर धान्याच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. अर्ध्या तासानं मॅडमनी वही मिटली.

"दोनशे सत्त्याण्णव. सत्तावीस फूट कमी." त्यांनी नळीतून नकाशा काढून ओट्यावर पसरला, ओट्यावरची चटई बाजूला करून. "गुरुप्रसाद, लिफ्टसमोरचा बोळ तुम्ही घराघरांत वाटून आत धरलाय. बोळ चटई क्षेत्रात येत नाही. तुम्हाला हे माहीत आहे."

गुरुप्रसाद नकाशाकडं असा बघू लागला की जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"सत्तावीस फूट म्हंजे लई न्हवं की, आक्का," बाळासो हळूच म्हणाला. "एक कपाट बसतंय. त्येवढ्यासाठी आता सह्या थांबवायच्या? परत तारीख, परत बैठक..."

हौसाक्कानं त्याच्याकडं बघितलं. मग डोळे मिटले. तिसरीच्या वर्गात सवनीकर मास्तर पोरांना उभं करून पावकी, निमकी, दीडकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणून घ्यायचे. अडखळला की हातावर छडी. बाकी शाळा हौसाक्काच्या अंगावरून पावसासारखी वाहून गेली, पण दीडकी हाडात शिरली होती. वाकळेला दोरा किती लागेल, अस्तर किती लागेल, सगळं ती दीडकीवर काढायची.

"एक दीडं दीड," तिनं सूर धरला. "बे दीडं तीन. तीन दीडं साडेचार. चार दीडं सा..."

क्रांती फिसकन हसली. स्वप्नालीनं तिला कोपर मारलं. हौसाक्का थांबली नाही. नऊ दीडंला पोचली तेव्हा सगळे गप्प झाले होते, कारण हा पाढा कुठं निघालाय ते एकेकाला कळायला लागलं होतं.

"...अकरा दीडं साडेसोळा. बारा दीडं अठरा." तिनं डोळे उघडले. "अठरा चटया म्हंजे किती रं, बाळासो? आत्ताच मोजलास की."

बाळासोनं ओठ ओले केले. "एक घर."

"एक अख्खं घर. बारा जणांच्या अंगाखालनं दीड-दीड चटई वडून ह्येंनी एक घर पळवलंय. तू म्हंतोस कपाट."

गुरुप्रसाद फोन घेऊन कुंपणाबाहेर गेला. बाहेर त्याचे हात हलताना दिसत होते. परत आला तेव्हा हसू पुन्हा जागेवर बसलेलं होतं, पण आता त्याला धार होती.

"साहेब तयार आहेत," तो म्हणाला. "एकेका घराला पूर्ण माप. तीनशे चोवीस. पण मग दुसऱ्या मजल्यावर अकराच घरं बसतात. बारावं कुणाचं कमी करायचं, ते तुम्ही आपसांत ठरवा. आक्कांना पाढे येतात, त्याच सांगतील."

हौसाक्काच्या लक्षात आलं की जो तो दुसऱ्याकडं बघतोय आणि नजर भिडली की फरशीकडं बघतोय. हळदीकुंकवाला एका चटईवर तिघीतिघी बसणाऱ्या बायका हातभर लांब सरकल्या होत्या.

"न मोजता बरं चाललं हुतं," बाळासो शेवटी म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. "बारा जण आत हुतो. आता एक भाईर. माझी आई अंथरुणाला खिळल्याली, मी कुठं नाचवू तिला? कशाला मोजलासा, आक्का?"

आयुष्यात हौसाक्काला उत्तर शोधावं लागल्याचं कुणी बघितलं नव्हतं. आज तिनं शोधलं. पदर कमरेतून सोडला, पुन्हा खोचला. मग ती अंतरा मॅडमसमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, ह्येंना वर चढायची परवानगी दिली त्या कागदावर किती आकडा हाय? अकरा का बारा?"

"बारा."

"अकरा बांधली तर?"

"तर परवानगीच उरत नाही. वरचे मजले बाराच्या जोरावर आहेत. माप पण पूर्ण हवं आणि संख्या पण."

"मग बारावं कुठं बसवायचं ही काळजी आमची का ह्येंची?"

"त्यांची," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं. "दुसऱ्यावर बसत नसेल तर वर बसवा."

"वर विक्रीची घरं आहेत, मॅडम!" गुरुप्रसाद म्हणाला. "नवव्यावर एक कोपरा निघेल फार तर. पण तिथं घर घेणारी माणसं... म्हणजे तुम्ही समजून घ्या... राहणीमानाचा फरक पडतो."

"राह्यनीमान म्हंजे?" हौसाक्का म्हणाली.

त्यानं हवेत हात फिरवला.

"सांगा की. चटई सांगितलीसा तसं सोपं करून सांगा."

त्याला ते सोपं करून सांगता येईना. मॅडमनी पेन काढलं आणि नकाशाच्या समासात 'नववा मजला, एक घर' असं लिहून खाली सही केली. गुरुप्रसादनंही करावी म्हणून पेन त्याच्यापुढं धरलं. त्यानं केली.

आता नवव्यावर कोण जाणार, हा प्रश्न होता. घर वाचलं होतं, पण ते कुणाला नको होतं. दुसऱ्या मजल्यावर दाराला दार. दूध उतू गेलं तर शेजारीण गॅस बंद करणार, म्हातारी पडली तर चारजण धावणार. नवव्यावर काय?

"क्रांते, तू जातीस? तुला आरसं आवडत्यात."

"नगं बाई, आक्का. तिथं माझ्यासंगं बोलणार कोण? लुगडं वाळत घालायची बी चोरी."

बाळासोला तिनं विचारलंच नाही. बाकीच्यांनी आपापली कारणं काढली. गुडघे दुखतात, लिफ्टमध्ये जीव घाबरतो, पोरांना खेळायला कोण मिळणार. कारणं खोटी नव्हती. हौसाक्कानं सगळी ऐकून घेतली.

"आपण नको हं, आत्ती," स्वप्नाली कानाशी म्हणाली. "मी दिवसभर दवाखान्यात, ते इचलकरंजीला. तुमचा दिवस जायचा नाही तिथं. तुम्हाला बोलायला माणूस लागतं."

"मोजलं कुणी?"

"तुम्ही."

"मग झालं."

गुरुप्रसादनं संमतीपत्र पुढं सरकवलं, आणि शाईची डबीही. "इथं अंगठा द्या."

"अंगठा भाकरी थापायला हाय." हौसाक्कानं मॅडमच्या हातातलं पेन मागून घेतलं. भिंतीला टेकून ती चटईवरच बसली आणि कागद मांडीवर घेतला. हौसाबाई गणपतराव खराडे. हौसाचा औकार देताना ती थांबली, दोन मात्रा नीट शेजारी शेजारी दिल्या, टाके घातल्यासारख्या. गणपतरावाचं नाव लिहायला तिनं सगळ्यात जास्त वेळ घेतला. कुणीही घाई केली नाही. बारा सह्यांत सगळ्यात आधी तिची झाली, नवव्या मजल्याच्या घरापुढं. मग बाकीच्या अकरा.

चटया गुंडाळताना बाळासो तिच्याजवळ घुटमळला. "आक्का, मगाचं मनावर घिऊ नगासा."

"मनावर घेतलं असतं तर तुलाच धाडलं असतं वर. रिक्षा घिऊन लिफ्टमधनं हिंडला असतास." तिनं गुंडाळी त्याच्या खांद्यावर ठेवली. "आईला सांग, तुझी जागा अठरा चटया भरून हाय. लोळ म्हणावं."

इमारत व्हायला तीन वर्षं आणि वर चार महिने लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या अकरा घरांनी एकाच दिवशी कलश पुजले, आणि बोळात एवढ्या चपला झाल्या की लिफ्टचं दार लागेना. हौसाक्का सगळ्यांच्या पूजेला बसली, सगळ्यांकडं गोडाचं खाल्लं आणि मग वर गेली.

रोज दुपारी ती खाली यायची. कुणाकडं लसूण सोलून द्यायची, कुणाला बोलून घ्यायची, बाळासोच्या आईशेजारी घटकाभर बसायची. दिवेलागणीला बायका स्वयंपाकाला उठल्या की तीही उठायची.

पहिल्या पंधरवड्यातली गोष्ट. अशीच ती लिफ्टमध्ये शिरली, तर तळमजल्यावरून वर येणारी एक बाई आत होती. पन्नाशीची, नीटनेटकी, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. बाईनं हौसाक्काच्या नऊवारीकडं बघितलं, पायांकडं बघितलं आणि चांगल्या मनानंच विचारलं, "मावशी, कुणाकडे काम करता हो तुम्ही? आमच्याकडेही बाई हवी आहे. वेळ असला तर या ना."

हौसाक्कानं मान वर केली. तिला राग आला नाही. हे कधीतरी कुणीतरी विचारणार, हे तिनं सही केली त्या दिवशीच धरून ठेवलं होतं.

"माझ्याच घरात करतो," ती म्हणाली. "नऊशे चार. मालकीण लई खाष्ट हाय, दुसरीकडं जाऊ देत न्हाय."

बाईला कळायला दोन मजले गेले. मग तिचा चेहरा कानापर्यंत तांबडा झाला. "अय्या... माफ करा हं. मी नऊशे दोन. मला खरंच..."

"असू दे. माझ्याकडं बी बाई लागली तर तुमास्नीच सांगंन."

बाई आधी दचकली आणि मग तिला हसू फुटलं. एक पिशवी कलंडली, दोन लिंबं खाली घरंगळली. हौसाक्कानं वाकून ती उचलली, पदराला पुसली आणि पिशवीत टाकली.

लिफ्ट नवव्यावर थांबली. बाई बाजूला सरकली. "तुम्ही आधी."

हौसाक्कानं निऱ्या सावरल्या आणि आधी बाहेर पडली. बोळ स्वच्छ होता, दिवे लागलेले, पाचही दारं बंद. दुसऱ्या मजल्यावरचं इथं काहीही ऐकू येत नव्हतं, कुकरची शिट्टी नाही की क्रांतीचं हसणं नाही. तिनं कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं आणि आत जाऊन दिवा लावला. दार मात्र तिनं लोटलं नाही, सताड उघडं ठेवलं.

नऊशे दोनच्या दारात किल्ली फिरता फिरता थांबली.